पोराचा डिझाईनला नंबर लागला. आता कॉलेज पाहायला जाताना



गळीत हंगाम आटोपलेला असतो, खोडव्याला पाणी चालू असते, रोहिणीचे ऊन तापत असते आणि अशातच बारावीचा निकाल हाती येतो. आपल्या गेवराई भागात निकालानंतरची बोलणी बहुतेक ठरलेली असतात. डॉक्टर, इंजिनियर, नर्सिंग, नाहीतर पोलीस भरती. पण अलीकडे एखाद्या घरात मुलगी किंवा मुलगा मोबाईल पुढे धरून सांगतो, "माझा डिझाईनला नंबर लागला." आई-बाप एकमेकांकडे पाहतात. शेजारचे आप्पा विचारतात, "चित्रं काढून पोट भरतं का रे बाबा?" आणि लेकराचा चेहरा उतरतो.

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. जागा मिळाल्यावर ती स्वीकारण्याची मुदत थोड्या दिवसांची असते. त्या मुदतीत पैसे भरावे लागतात, आणि त्याच दिवसांत बियाणे-खताचीही तजवीज करावयाची असते. घाईत "नको" म्हटले तर मिळालेली जागा हातची जाते. घाईत "हो" म्हटले आणि संस्था नुसती दिखाऊ निघाली तर चार वर्षे आणि दोन एकरांचे उत्पन्न पाण्यात. म्हणून आमचे म्हणणे असे, की शक्य असेल त्याने लेकराला सोबत घेऊन ती संस्था एकदा डोळ्यांनी पाहून यावी. बैल घेताना आपण दात पाहतो, चालवून पाहतो. मग इथे तर लेकरू चार वर्षे ठेवावयाचे आहे. ही भेट कशी आखावी, काय पाहावे, काय विचारावे, याची माहिती या लेखात देत आहोत.

डिझाईन म्हणजे नेमके काय

डिझाईन म्हणजे नुसती चित्रकला नव्हे. एखादी वस्तू माणसाच्या हाताला, डोळ्याला, कामाला आणि खिशाला कशी सोसेल, हे ठरवून ती घडवणे म्हणजे डिझाईन. कोयत्याची मूठ कशी असावी म्हणजे दिवसभर तोड करून हाताला फोड येणार नाहीत. उसाच्या गाडीला लाकडी चाकाऐवजी टायर बसवल्यावर बैलाच्या मानेवरचा भार कसा बदलतो. औषधाच्या बाटलीवरचा मजकूर कमी शिकलेल्या माणसालाही कसा कळेल. हे सारे डिझाईनचेच प्रश्न आहेत.

चार्ल्स आणि रे इम्स या अमेरिकन पती-पत्नींनी सन १९५८ मध्ये भारत सरकारला एक अहवाल दिला. डिझाईनचे उत्तम उदाहरण म्हणून त्यांनी कशाचा गौरव केला असेल? आपल्या घरातल्या लोट्याचा! त्याचा आकार, तोल, धरण्याची सोय, पाणी ओतण्याची धार या सगळ्यांचा विचार पिढ्यान् पिढ्यांच्या हातांनी केला आहे, असे त्यांना दिसले. याच अहवालातून पुढे सन १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाईन संस्था, म्हणजे एन. आय. डी., उभी राहिली.

आणखी जवळची दोन उदाहरणे सांगतो. ऊसबिलावर रुपयाचे ₹ हे चिन्ह आपण पाहतो. ते डी. उदय कुमार यांनी केले व भारत सरकारने सन २०१० मध्ये स्वीकारले. ते मुंबईच्या आय. आय. टी.तील औद्योगिक डिझाईन केंद्राचे, म्हणजे आय. डी. सी.चे, विद्यार्थी. तसेच संगणकावर वर्षानुवर्षे आपण मराठी वाचली ती 'मंगल' नावाच्या अक्षरवळणात. ते वळण घडवणारे र. कृ. जोशी हे त्याच आय. डी. सी.त शिकवीत असत. आणि गोदावरीच्या पलीकडच्या काठावर पैठणची पैठणी आहे. काठाचा मोर आणि पदराची नारळी मागावर विणणारा कारागीर डिझाईनच करतो. तेव्हा हा धंदा आपल्याला परका आहे, असे कोणी समजू नये.

संस्था कोणत्या व कोठे

पहिला गट केंद्र सरकारच्या संस्थांचा. अहमदाबादच्या एन. आय. डी.शिवाय भोपाळ, कुरुक्षेत्र, आंध्र प्रदेशातील अमरावती व जोरहाट येथेही एन. आय. डी. आहेत. आय. आय. टी.पैकी मुंबई, दिल्ली, गुवाहाटी, हैदराबाद अशा ठिकाणी बी. डेस. हा पदवी अभ्यासक्रम असून त्यासाठी यूसीड नावाची परीक्षा द्यावी लागते. मुंबईचे आय. डी. सी. सन १९६९ चे; तिथे बी. डेस. मात्र सन २०१५ पासून सुरू झाले. कपडे व फॅशन या अंगाने शिकवणारी निफ्ट ही संस्था सन १९८६ मध्ये दिल्लीत सुरू झाली. आपल्याला जवळची शाखा नवी मुंबईत खारघरला आहे. या तिन्ही ठिकाणी डिझाईनच्या पदवीसाठी बारावी कला, वाणिज्य किंवा विज्ञान, कोणत्याही शाखेची चालते. आर्ट्स घेतलेल्या लेकराला दार बंद नाही, हे पालकांनी ध्यानात ठेवावे.

दुसरा गट राज्यातील कला महाविद्यालयांचा. मुंबईचे सर ज. जी. कला महाविद्यालय सन १८५७ पासूनचे. छत्रपती संभाजीनगरला शासकीय कला महाविद्यालय आहे. तेथे उपयोजित कला, वस्त्रकला यांसारखे विषय शिकवतात. शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा दिलेल्या मुलांना हा रस्ता ओळखीचा असतो.

तिसरा गट खाजगी संस्था व विद्यापीठांचा. यात चांगल्याही आहेत व नुसत्या इमारतीवर चालणाऱ्याही आहेत. पाहून येण्याची खरी गरज इथेच सर्वांत जास्त.

केव्हा जावे

मे-जूनमध्ये बहुतेक ठिकाणी सुट्टी असते. कर्मशाळांना कुलूप, वसतिगृह रिकामे आणि दारावर फक्त वॉचमन. अशा वेळी जाऊन भिंती पाहून येण्यात अर्थ नाही. म्हणून प्रवेश-परीक्षा देतानाच, जानेवारी-फेब्रुवारीत, वर्ग चालू असताना एखादी संस्था पाहून घेतली तर उत्तम. परीक्षेचे केंद्र संभाजीनगर किंवा पुण्यास आले तर जोडून एक दिवस ठेवावा. वर्षाच्या अखेरीस अनेक ठिकाणी मुलांच्या कामाचे प्रदर्शन भरते. ते पाहायला मिळाले तर चार माहितीपत्रकांचे काम एका दिवसात होते.

निकाल लागल्यावरच जावयाचे असेल तर आधी संस्थेच्या कार्यालयास फोन करावा व ई-मेलही टाकावा. "अमुक तारखेस पालक व विद्यार्थी येत आहोत, कर्मशाळा व वसतिगृह दाखवाल का, कोणाला भेटावे," एवढे तीन प्रश्न पुरेत. उत्तर आले तर ते छापून सोबत ठेवावे. आय. आय. टी.सारख्या ठिकाणी फाटकावर ओळखपत्र व कामाचे कारण विचारतात. उत्तराचा कागद असला म्हणजे ताटकळावे लागत नाही.

निघण्यापूर्वी घरात

घरातून कोण जाणार हे आधी ठरवावे. आमची आग्रहाची सूचना, आईने जरूर जावे. मुलगी असेल तर वसतिगृह, न्हाणीघर, जेवणघर हे आईच्या नजरेने पाहिले गेले पाहिजे. सन २०२३ पासून एस. टी.त महिलांना अर्धे तिकीट आहे, तेव्हा खर्चाची सबब उरत नाही. दोन दिवस धारा काढण्याचे व गुरांना वैरण घालण्याचे शेजारी-भावकीत सांगून ठेवावे.

लेकराला बाजूला बसवून विचारावे, "तुला तिथं काय काय पाहायचं आहे?" त्याने स्वतः पाच प्रश्न लिहून काढावेत. आई-बापांनी आपले पाच वेगळे लिहावेत. दोन्ही कागद शेजारी ठेवले म्हणजे कोणाला कशाची काळजी आहे ते आपोआप कळते. बापाच्या कागदावर "फी किती, नोकरी कुठं" असते, आईच्या मनात "जेवणाचं काय, रात्री-बेरात्री कोण पाहील" असते, आणि पोराच्या कागदावर बहुधा "मला इंग्रजी जमेल का" हे असते. ते तो तोंडाने बोलत नाही. कागदावर आले म्हणजे त्यावर बोलता येते.

दाखल्यांचे कामही याच वेळी करावे, कारण तहसीलला वेळ लागतो. केंद्रीय संस्थांसाठी ओ. बी. सी.चा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो, राज्याचा चालत नाही. राज्याचे एस. ई. बी. सी. आरक्षण केंद्रीय संस्थांत लागू नाही. ई. डब्ल्यू. एस.च्या केंद्रीय दाखल्यास उत्पन्नाबरोबर जमिनीचीही अट आहे. कुटुंबाची शेतजमीन पाच एकर वा जास्त असेल तर तो मिळत नाही. जिरायत असली तरी एकर तो एकरच धरला जातो. सात-बारा पाहूनच अर्ज करावा.

प्रवास

गेवराईहून शहागडच्या पुलावरून संभाजीनगर गाठावे, तेथून रेल्वे. आरक्षण सन २०२४ च्या नोव्हेंबरपासून साठ दिवस आधी उघडते. पण प्रवेशाची तारीख इतकी आधी कोणाला कळते? मग तत्काळ तिकीट पाहावे लागते. ते प्रवासाच्या आदल्या दिवशी सकाळी उघडते. मोबाईलवरून काढणार असाल तर रेल्वेच्या खात्याला आधार जोडलेले असणे सन २०२५ पासून आवश्यक आहे. हे काम आदल्या रात्री करू नये, आठवडाभर आधी करून ठेवावे.

पवईची आय. आय. टी. पाहावयाची असेल तर ठाण्यास उतरून धीम्या लोकलने कांजूरमार्गला जावे, तेथून रिक्षा किंवा बस. खारघरच्या निफ्टसाठी ठाण्याहूनच पनवेलकडची लोकल धरावी. सर ज. जी. महाविद्यालय सी. एस. एम. टी. स्टेशनापासून पायी जाण्याजोगे आहे. अहमदाबादला जाताना बहुधा मुंबईत गाडी बदलावी लागते आणि तिकडच्या बऱ्याच गाड्या मुंबई सेंट्रल किंवा बांद्रा टर्मिनसहून सुटतात, सी. एस. एम. टी.हून नव्हेत. तिकिटावरचे स्टेशनचे नाव नीट वाचून मगच निघावे. दोन गाड्यांमध्ये तीन-चार तासांची सवड ठेवावी. अहमदाबादची एन. आय. डी. साबरमतीच्या पश्चिम काठी पालडी भागात आहे आणि मोठे रेल्वे स्टेशन नदीच्या पूर्वेला. मुक्काम पालडीच्या बाजूस केला तर सकाळची धावपळ वाचते.

एका दिवसात एकच संस्था पाहावी. दोन-तीन उरकण्याच्या नादात एकही धड पाहिली जात नाही.

तिथे गेल्यावर काय पाहावे

१) कर्मशाळा : सर्वप्रथम इथे जावे. लाकूडकाम, धातूकाम, मातीकाम, विणकाम, छपाई. यंत्रांवर धूळ आहे की भुसा, ते पाहावे. भुसा असेल तर काम चालते. शिकवणारा मिस्त्री किती वर्षांचा आहे, मुलांना यंत्र किती वेळ मिळते, सुट्टीच्या दिवशी उघडे असते का, हे विचारावे. सुट्टीमुळे बंद असेल तर उघडून दाखवा म्हणून विनंती करावी. काचेतून दाखवून पुढे नेले, तर तेही ध्यानात ठेवावे.

२) मुलांचे काम : भिंतीवर लावलेले निवडक काम सर्वच दाखवतात. पहिल्या वर्षाच्या सामान्य मुलाची वही पाहायला मागावी. पहिले वर्ष बहुतेक ठिकाणी पायाभरणीचे असते. त्यात रेखाटन, रंग, आकार, साहित्याची ओळख असे विषय असतात.

३) शिक्षक : कायम किती, तासावर येणारे किती. एका वर्गात मुले किती.

४) वसतिगृह व जेवण : पहिल्या वर्षाला जागा हमखास मिळते का, की बाहेर खोली पाहावी लागते? पिण्याचे पाणी, संडास, रात्री परतण्याची वेळ, वॉर्डन कोठे राहतात. शक्य असेल तर त्या दिवशी जेवण तिथेच घ्यावे.

५) आजारपण व छळ : दवाखाना किती लांब, रात्री कोणाला उठवावयाचे. रॅगिंगविरुद्ध यू. जी. सी.चे नियम सन २००९ पासून आहेत, प्रवेशाच्या वेळी विद्यार्थी व पालक दोघांकडूनही हमीपत्र घेतात. देशभराचा मदत क्रमांक १८००-१८०-५५२२ हा आहे. तो लेकराच्या वहीत लिहून द्यावा.

६) भाषा : शिकवणे इंग्रजीतून चालते. मराठी माध्यमाच्या मुलाला सुरुवातीस काही मदत मिळते का, ते विचारावे. या विषयात हाताने करून दाखवण्यास महत्त्व आहे, त्यामुळे भाषेची अडचण हळूहळू कमी होते. पण ती नाही असे समजून पाठवू नये.

७) मान्यता : खाजगी संस्था असेल तर पदवी कोणत्या विद्यापीठाची, हे नावानिशी विचारावे. "आमचा स्वतःचा डिप्लोमा" असे उत्तर आले तर ते पदवी नव्हे. यू. जी. सी. बनावट विद्यापीठांची यादी जाहीर करते, ती पाहावी. "शंभर टक्के नोकरी" असे म्हणणाऱ्याकडे गेल्या वर्षाच्या दहा मुलांची माहिती मागावी. देता आली तर बरे, नाही आली तर आपण समजून घ्यावे.

आणि एक महत्त्वाचे. तासभर तरी लेकराला एकट्याला सोडावे. तिथल्या मुला-मुलींशी ते बोलेल, कॅन्टीनमध्ये चहा घेईल. आपण दूर झाडाखाली बसावे. मोठ्यांसमोर मुले जे सांगत नाहीत ते तिथे बाहेर येते. बीड, जालना, परभणीकडचा कोणी विद्यार्थी भेटला तर त्याचा नंबर जरूर घ्यावा. पुढे अडीअडचणीला पहिला आधार त्याचाच होतो.

पैशाचा हिशेब

फी हा खर्चाचा एक भाग झाला. त्याशिवाय वसतिगृह, खाणावळ, लॅपटॉप, कागद-रंग-लाकूड-कापड यांसारखे साहित्य, अभ्यासदौरे आणि गावी येण्या-जाण्याचे भाडे. साहित्याचा खर्च माहितीपत्रकात बहुधा नसतो. तो दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलालाच विचारावा. हे सगळे एका कागदावर वर्षवार मांडावे आणि वर्षाच्या बेरजेला आपल्या उसाच्या टनाच्या दराने भागावे. इतके टन दरवर्षी शिक्षणाला जातील, हे आकड्यात दिसले म्हणजे शेतकऱ्याच्या लगेच ध्यानात येते, की झेपते की नाही.

ऊसबिल चौदा दिवसांत देण्याचा नियम सन १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे; पण फी भरावयाची ती जून-जुलैत, आणि तेव्हा गाळप नसते. म्हणून शेवटच्या बिलातून पहिल्या हप्त्याची रक्कम वेगळी काढून ठेवावी. सावकाराच्या दारात जाण्याची पाळी बहुधा याच दोन महिन्यांत येते.

कर्जासाठी केंद्राच्या 'पीएम विद्यालक्ष्मी' योजनेची चौकशी करावी. केंद्रीय मंत्रिमंडळाने ती सन २०२४ च्या नोव्हेंबरात मंजूर केली. यादीतील दर्जेदार संस्थेत प्रवेश मिळाला असेल तर तारण व जामीनदार न मागता कर्ज मिळते, म्हणजे सात-बारावर बोजा चढवावा लागत नाही. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल आणि दुसऱ्या सरकारी शिष्यवृत्तीचा वा व्याज-सवलतीचा लाभ नसेल, तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर परतफेड सुरू होण्यापूर्वीच्या काळात व्याजात ३ टक्के सवलत आहे. मात्र संस्था त्या यादीत असली पाहिजे, हे आधी पाहावे. राज्यातील व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी महाडीबीटीवर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती व अल्पभूधारकांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता या योजना आहेत. आपला अभ्यासक्रम त्यात बसतो का, हे संस्थेच्या कार्यालयातच विचारून घ्यावे. तसेच प्रवेश सोडल्यास किती पैसे परत मिळतात व कोणत्या तारखेपर्यंत, हेही लेखी घ्यावे.

परतीच्या वाटेवर

गाडीत बसल्याबरोबर "मग काय ठरलं?" असे विचारू नये. लेकरू थकलेले असते, बुजलेलेही असते. मोठे शहर, इंग्रजी बोलणारी मुले, महागाचे लॅपटॉप पाहून पुष्कळदा त्याचा धीर खचतो आणि ते म्हणते, "नको बाबा, आपलं गावच बरं." ते बोलणे शेवटचे धरू नये. एक रात्र जाऊ द्यावी. मग घरी दोन्ही कागद पुन्हा काढावेत. ज्या प्रश्नांना उत्तर मिळाले ते खोडावेत. उरतील त्यांवर बोलावे.

मुलीच्या बाबतीत एक स्पष्ट लिहितो. खर्चाचे निमित्त सांगून मुलीला थांबवले जाते, आणि दोन वर्षांनी त्याहून जास्त रक्कम लग्नाच्या मांडवात जाते. हे आपण सगळे जाणतो. मुलीने परीक्षा देऊन स्वतःच्या हाताने जागा मिळवली असेल, तर निदान ती संस्था पाहून येईपर्यंत तरी घरात "नाही" हा शब्द कोणी उच्चारू नये.

आणि पाहून आल्यावर न पाठवण्याचे ठरले तरी त्यात कमीपणा नाही. संस्था पोकळ दिसली, खर्च झेपणारा नसला, किंवा लेकराचेच मन नसले, तर कारण त्याला समोर बसवून सांगावे. कारण कळले म्हणजे ते पुढच्या वर्षी दुसरीकडे प्रयत्न करील. न कळता नकार मिळाला तर तो आयुष्यभर मनात राहतो.

जाणे जमलेच नाही तर

तोडीला गेलेल्या कुटुंबांना, एकट्या बाईमाणसाला, आजारी घराला हा प्रवास जमत नाही, याची आम्हांस कल्पना आहे. अशांनी संस्थेच्या कार्यालयाकडे एखाद्या विद्यार्थ्याचा नंबर मागावा आणि व्हिडिओ कॉलवर कर्मशाळा व वसतिगृह दाखवण्यास सांगावे. वर दिलेले प्रश्न फोनवरही विचारता येतात. जवळच पाहावयाचे तर संभाजीनगरचे कला महाविद्यालय सकाळी निघून संध्याकाळी परत येण्याजोगे आहे. असे शिक्षण कसे चालते याचा अंदाज तिथे येतो.

शेवटी सभासदांना एक विनंती. आपल्या कार्यक्षेत्रातील ज्यांची मुले-मुली अशा संस्थांत शिकत आहेत किंवा शिकून बाहेर पडली आहेत, त्यांनी आपल्या गट ऑफिसात तसे कळवावे. पुढच्या वर्षी ज्या घरात "नंबर लागला" असे ऐकू येईल, त्या घराला विचारायला एक ओळखीचे माणूस असेल.